बागेचा बैठा खेळ: कीड आभाळातून पडू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कुटुंबाने बागकामावर घरच्या घरी एक बैठा खेळ बनवलाय. पुठ्ठ्यावर ६० घरांची वळणावळणाची पायवाट आहे. फासा टाकायचा, सोंगटी पुढे न्यायची, ‘पाऊस पडला, तीन घरं पुढे’, ‘कीड लागली, पाच घरं मागे’ असे पत्ते उचलायचे. जो आधी फाटकाशी पोचेल तो जिंकला. खेळणारे चौघे: प्रश्न विचारणारे वडील, त्यांची सहा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आजी. कीड लागली की धाकटी रडते. मोठा तिसऱ्या डावाला उठून जातो. आणि आजी विचारतात, “यात बाग कुठे आहे?” तर काय बदलावं?

आजींचा प्रश्न सगळ्यात नेमका आहे, तिथूनच सुरुवात करते. मी अठरा वर्षं कुटुंबांनी एकत्र बसून खेळायचे खेळ रचते आहे आणि त्याच्याही आधीपासून वाफे करते आहे. बागेवरचा खेळ घेऊन येणारी माणसं मला सतत भेटतात. बहुतेकांचं दुखणं एकच असतं: खेळ सापशिडीचा, वर चित्रं फुलांची. हे तपासायला सोपी युक्ती आहे. पटावरची फुलं मनातल्या मनात खोडा आणि तिथे रेल्वेची स्टेशनं काढा. ‘कीड लागली’च्या जागी ‘सिग्नल मिळाला नाही’ लिहा. खेळ जसाच्या तसा चालला, तर त्यात बाग नव्हतीच. तुमचा खेळ तसाच चालतो.

मग बागेत असं काय आहे जे रेल्वेत नाही? माझ्या मते दोन गोष्टी. बागेत जे होतं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींमागे आपल्याच हातचं काहीतरी असतं. आणि ते केल्यापासून त्याचं फळ दिसेपर्यंत दिवस जातात. आज कुंडीत पाणी तुंबवलं, तर पानं पिवळी पडायला आठवडा लागतो. भोपळ्याला पसरायला जागा सोडली नाही, तर महिन्याभराने तो शेजारच्या रोपांच्या डोक्यावर बसलेला दिसतो. आता तुमच्या धाकटीकडे बघा. ती हरण्यावर रडत नाहीये. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं आणि तरी कीड लागली, यावर रडते आहे. मोठा उठून जातो, कारण त्याने काहीही केलं तरी फरक पडत नाही. वय वेगळं, स्वभाव वेगळा, पण दोघांची तक्रार एकच आहे. खेळात कारण नाही.

हे ज्यांना चांगलं जमलं आहे असे काही खेळ आधी सांगते, कारण त्यांच्याकडून थेट उचलण्यासारखं बरंच आहे.

पहिला लहान मुलांचा. जर्मनीतल्या हाबा या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९८६ मध्ये ‘ओब्स्टगार्टन’ म्हणजे ‘फळबाग’ हा खेळ काढला. आनेलीझे फार्काशोव्स्की यांची ती रचना. चार झाडं, प्रत्येकावर दहा लाकडी फळं, म्हणजे एकूण ४० सफरचंदं, पेअर, चेरी आणि प्लम. फाशावर रंग आला की त्या रंगाचं फळ तोडायचं. टोपली आली की मनाला येतील ती दोन फळं तोडायची. कावळा आला की पटाच्या मध्यावर कावळ्याच्या चित्राचा एक तुकडा लावायचा. असे नऊ तुकडे आहेत. फळं संपायच्या आत चित्र पुरं झालं तर सगळेच हरले, नाही तर सगळेच जिंकले. हा खेळ तीन वर्षांच्या मुलांना खेळता येतो, आणि त्यात रडारड फारशी होत नाही. कारण कावळा कुणा एकाच्या मागे लागत नाही, आणि तो किती जवळ आलाय हे सगळ्यांना सतत दिसत असतं. चार तुकडे लागले, पाच लागले, सहा… मुलं श्वास रोखून बसतात. संकट दिसत असलं की त्याची भीती गोड लागते. पत्त्याखाली लपलेलं संकट मात्र अन्यायच वाटतं.

त्या खेळात निर्णय एकच आहे: टोपली आली की कुठली फळं घ्यायची. त्याचंही बरोबर उत्तर आहे, ज्या झाडावर जास्त फळं उरली असतील तिथली. एखादं झाड लवकर रिकामं केलं तर पुढे त्याचा रंग आला की ती खेळी फुकट जाते. मुलाला हे स्वतःहून उमगतं तो क्षण बघण्यासारखा असतो. पण एकदा उमगलं की मोठ्या मुलाला त्यात करण्यासारखं फार उरत नाही. म्हणून तुमच्या अकरा वर्षांच्या मुलासाठी दुसरीकडे बघावं लागेल.

‘बोनान्झा’ हा उवे रोझेनबर्ग यांचा १९९७ चा पत्त्यांचा खेळ बघा. शेंगांची शेतं आहेत, प्रत्येकाकडे सुरुवातीला दोनच. मूळ गड्डीत १०४ पत्ते आणि शेंगांचे आठ प्रकार. नियम एकच विचित्र आहे, आणि सगळी मजा त्यातच आहे: हातातल्या पत्त्यांचा क्रम बदलायचा नाही. पुढे असलेला पत्ता पेरावाच लागतो, शेतात जागा नसेल तर उभं पीक मोडून पेरावा लागतो. त्यामुळे नको ते पत्ते आपली खेळी यायच्या आत कुणाच्या तरी गळ्यात मारायला हवेत, आणि म्हणून अख्खा डाव देवाणघेवाणीच्या बोलण्यात जातो. दुसऱ्याची खेळी चालू असताना कुणी रिकामं बसत नाही. तुमचा मुलगा उठून जातो त्याचं अर्धं कारण हेच आहे: त्याची पाळी येईपर्यंत त्याला काहीही करायचं नसतं.

याल्मार हाख यांचा ‘फोटोसिन्थेसिस’ (२०१७) तर मी रचना शिकवताना नेहमी पटावर मांडून दाखवते. षटकोनी घरांचा पट, त्यावर पुठ्ठ्याची उभी झाडं, आणि पटाच्या कडेने सहा जागांवरून सरकत जाणारा सूर्य. लहान झाडाची सावली एक घर पडते, मध्यम झाडाची दोन, उंच झाडाची तीन. सावलीतल्या तितक्याच किंवा कमी उंचीच्या झाडाला त्या फेरीत प्रकाश मिळत नाही, आणि प्रकाश हेच तिथलं चलन. सूर्याने तीन प्रदक्षिणा घातल्या की डाव संपतो. यातलं काहीही नियम म्हणून पाठ करावं लागत नाही. सूर्य इकडून, म्हणजे सावली तिकडे, हे सहा वर्षांच्या मुलालाही समजतं. एक इशारा मात्र देते. हा खेळ दिसायला जितका शांत, तितका खेळायला कडवा आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर मुद्दाम सावली धरणं हाच त्यातला डावपेच. तुमच्या धाकटीला आणखी दोन-तीन वर्षं थांबवा.

आंत्वान बौझा यांच्या ‘ताकेनोको’त (२०११) माळी बांबू वाढवतो आणि पांडा तो खातो. दोन्ही कामं सगळेच करतात, कारण प्रत्येकाच्या हातात गुप्त उद्दिष्टं असतात. पाणी पोचलेल्या तुकड्यावरच बांबू वाढतो, म्हणून पाटाच्या काड्या आधी मांडत न्याव्या लागतात. रोझेनबर्ग यांच्याच ‘कॉटेज गार्डन’मध्ये (२०१६) फुलझाडांचे वेडेवाकडे तुकडे वाफ्यात बसवायचे, आणि एकेक चौकोनाची फट राहिली तर तिथे मांजर बसवायचं. मांजराची ही सोय मला फार आवडते. चूक झाली तरी खेळणाऱ्याचा हिरमोड होत नाही.

आता तुमच्या खेळाकडे येते. चौघांच्या वयात एवढं अंतर असताना मी काय करेन ते सांगते. ही रचना मी वेगवेगळ्या घरांत खेळवून पाहिली आहे. त्यात काय चुकलं आणि ते कसं सुधारलं, हेही सांगते, कारण नुसत्या नियमांपेक्षा त्याचा तुम्हाला जास्त उपयोग होईल.

सोंगटी आणि पायवाट बाजूला ठेवा. प्रत्येकाला एक वाफा द्या: तीन गुणिले तीन, नऊ चौकोन. रोप म्हणजे पुठ्ठ्याची एक चौकोनी चकती. तिच्या चार कडांवर चार चित्रं: बी, कोंब, कळी, फळ. चकती वाफ्यात ठेवताना बीची कड खेळणाऱ्याच्या बाजूला ठेवायची. पाणी घातलं की चकती पाव वळसा फिरवायची, की कोंबाची कड आपल्याकडे येते. पुन्हा पाणी घातलं की कळी, मग फळ. वेगळे मणी, काड्या, आकडे काही लागत नाहीत. रोप वाढतंय हे हाताला कळतं. सहा वर्षांच्या मुलांना ही चकती फिरवताना मी पाहिलं आहे. दोन बोटांनी कडा धरून, जीभ बाहेर काढून, अगदी अलगद फिरवतात. खऱ्या रोपालाही ती तशीच हात लावतात.

पहिल्या आवृत्तीत मी दर फेरीला सगळीच रोपं आपोआप वाढवत होते. चौघांच्या वाफ्यांत मिळून २५-३० चकत्या, त्या सगळ्या दर फेरीला फिरवायच्या! कुणी विसरायचं, कुणी एकच चकती दोनदा फिरवायचं, आणि दहा मिनिटांत भांडण. शिवाय आपोआप वाढणाऱ्या रोपात खेळणाऱ्याचा निर्णय काहीच नव्हता. उपाय बागेतूनच मिळाला: पाणी मोजकं ठेवलं. दर फेरीला सगळ्यांना सारखेच थेंब मिळतात आणि जितके थेंब तितक्याच चकत्या फिरतात. कुणाची तहान आधी भागवायची, हाच खेळ झाला. एक चकती एका फेरीत एकदाच फिरते. एका रोपावर सगळं पाणी ओतून ते लवकर वाढत नाही. मुळांनाही हवा लागते, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की ती कुजायला लागतात. हे मुलांना एकदा सांगितलं की नियम लक्षात राहतो.

किती थेंब ते फासा ठरवतो. तुमचा फासा फेकून द्यायची गरज नाही, फक्त त्याची जागा बदला. दोन बाजूंवर ऊन (दोन थेंब), दोन बाजूंवर ढग (तीन), दोन बाजूंवर पाऊस (चार). फेरीच्या सुरुवातीला एकदाच टाकायचा, सगळ्यांसाठी एकच. यात एक तत्त्व आहे आणि ते मी कुठल्याही घरगुती खेळात मोडत नाही: नशीब आधी, निर्णय नंतर. फासा पडल्यावर ‘आता दोनच थेंब आहेत, काय करू?’ असा विचार करायला मिळाला तर नशीब म्हणजे हवामान होतं. निर्णय घेतल्यावर फासा पडला आणि सगळं धुऊन गेलं, तर तीच लॉटरी. तुमचे ‘पाच घरं मागे’चे पत्ते दुसऱ्या प्रकारचे आहेत. उरलेला एक थेंब पिंपात साठवून पुढच्या फेरीला वापरू द्या, एकच, जास्त नाही. पिंपाचं महत्त्व मोठ्या मुलांना लगेच कळतं.

अशा बारा फेऱ्या. दर फेरीला एक नवं रोप लावायचं आणि मग पाणी घालायचं. सुरुवातीला तीन रोपं लावूनच बसा, नाही तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पाणी आहे आणि घालायला काही नाही अशी गत होते.

पिकं चार ठेवली: मुळा, घेवडा, टोमॅटो आणि झेंडू. मुळा एका वळशात तयार, १ गुण. घेवडा दोन वळशांत, ३ गुण. टोमॅटो तीन वळशांत, ५ गुण. चकती चौकोनीच असल्यामुळे मुळ्याच्या चकतीला दोनच कडांवर चित्रं काढायची, घेवड्याच्या आणि झेंडूच्या चकतीला तीन. खऱ्या बागेतही मुळा महिन्याभरात निघतो आणि टोमॅटो चांगलाच वेळ खातो, त्यामुळे आजींना हे समजावून सांगावं लागणार नाही. झेंडूचं नंतर सांगते.

पहिल्याच चाचणीत सगळ्यांनी टोमॅटोच लावले. दुसरीतही तेच. बसून हिशेब केला तेव्हा माझी चूक दिसली. फेरीला सरासरी ३ थेंब, बारा फेऱ्यांत ३६. टोमॅटोला ३ थेंब लागतात, म्हणजे १२ टोमॅटो, ६० गुण. घेवडा लावला तर सुरुवातीचे ३ आणि पुढचे १२ मिळून १५ रोपं, म्हणजे ४५ गुण. मुळ्याचे तर १५च. शेवटच्या एक-दोन फेऱ्या सोडल्या तर टोमॅटोशिवाय काही लावायला कारणच नव्हतं. अशा वेळी रचणाऱ्याला पहिला मोह होतो तो गुण बदलायचा: टोमॅटो ४ करा, मुळा २ करा. मीही केलं. आकडे हलवले की सगळे धावत दुसऱ्या पिकाकडे जातात, एवढंच होतं. मग मी खेळ बाजूला ठेवला आणि खऱ्या वाफ्यात आपण नुसते टोमॅटोच का लावत नाही, याचा विचार केला. कारण उघड आहे: एकाच जातीची दाटी झाली की तिची कीड तिथे घर करते.

इथे कीड खेळात आली, आणि ती कारण घेऊन आली.

मावा, म्हणजे रोपांचा रस शोषणारी बारीक कीड, ही एक काळी चकती. ती सगळ्यांच्या मधोमध असलेल्या पाच घरांच्या बांधावर एका टोकाला बसते. फाशावर ऊन आलं की ती एक घर पुढे येते, पाऊस आला की एक घर मागे जाते. जोराच्या पावसात मावा खरोखरच पानांवरून धुऊन जातो. पाचव्या घरावर पोचली की ती सगळ्यांच्या वाफ्यांत एकदमच उतरते, पण कुठेही नाही. ज्याच्या वाफ्यात एकाच जातीची रोपं कडेला कड लावून बसली असतील, त्याच्या सगळ्यात मोठ्या घोळक्यावर. घोळकाच नसेल तर मावा त्या वाफ्यातून तसाच निघून जातो. घोळक्यातली प्रत्येक चकती पाव वळसा उलटी फिरते, फळाची कळी होते, कळीचा कोंब. मग मावा परत बांधाच्या सुरुवातीला.

रोप कधीही उचलून बाहेर टाकायचं नाही. हे मी आग्रहाने सांगते. मुलांना मागे जाणं सहन होतं, नाहीसं होणं सहन होत नाही. पाव वळसा मागे गेलेली चकती अजून तिचीच असते, पुढच्या फेरीत तिला पाणी घालता येतं. माझ्या एका चाचणीत सात वर्षांच्या मुलीचे तीन टोमॅटो एकदम मागे गेले. तिचे ओठ थरथरले, मग तिने वाफ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “मी सगळे जवळजवळ लावले ना.” आईकडे पाहिलं नाही, फाशाकडे पाहिलं नाही. पुढच्या फेरीत तिने दोन टोमॅटोंच्या मध्ये मुळा लावला. तुमच्या धाकटीच्या रडण्यावर मला माहीत असलेला उपाय हाच आहे.

पुढची खोड एका अकरा वर्षांच्याच मुलाने काढली. त्याच्या लक्षात आलं की बुद्धिबळाच्या पटासारखे एक आड एक टोमॅटो लावले तर नऊ चौकोनांत पाच टोमॅटो कुणाचीही कड न लागता बसतात, आणि उरलेल्या चारांत घेवडा. मावा कधीच उतरत नाही. तो सलग तीन डाव जिंकला आणि मग म्हणाला, आता हा खेळ संपला. बरोबरच होतं त्याचं. म्हणून रोपांची निवड मोकळी ठेवली नाही. प्रत्येक पिकाच्या बारा, अशा ४८ चकत्या कापडी थैलीत घातल्या आणि चार चकत्या नेहमी उघड्या मांडून ठेवल्या. आपल्या पाळीला त्यातली एक घ्यायची, तिच्या जागी थैलीतून नवी काढायची. सुरुवातीची तीन रोपंही अशीच, एकेक करून आळीपाळीने घ्यायची. काढलेलं पीक थैलीत परत जातं, गुण लगेच मांडायचे. आता हवी ती चकती हव्या त्या वेळी मिळेलच असं नाही, आणि पुढच्याला काय उरेल याकडेही लक्ष ठेवावं लागतं. दुसऱ्याच्या पाळीतही डोळे पटावर राहतात.

घेवड्याला मी एक खास काम दिलं आहे, आणि ते देताना एक चूक टाळली. शेंगावर्गीय पिकं शेजारच्या रोपांना नत्र पुरवतात, असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर त्यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात, पण तो बहुतांशी त्या रोपाच्याच कामी येतो. पीक काढल्यावर मुळं आणि पाला मातीत कुजला की त्याचा फायदा पुढच्या पिकाला मिळतो. म्हणून खेळातही घेवडा शेजाऱ्याला काही देत नाही. तो काढला की त्या चौकोनात एक बटण ठेवायचं. त्या जागी पुढचं रोप लावलं की ते बटण काढून घ्यायचं आणि चकती पाव वळसा फिरवूनच ठेवायची, म्हणजे त्याला एक थेंब कमी लागतो. घेवड्यानंतर तिथे पुन्हा घेवडाच लावला तर मात्र बटण उचलायचं आणि फायदा नाही. पिकांची फेरपालट म्हणजे काय, हे यातून मुलांना कळतं, आणि कुणी पाठ घेतोय असं वाटत नाही.

आता झेंडू. दोन वळशांत फुलतो. फुलल्यावर काढला तर १ गुण. पण न काढता तसाच ठेवला, तर त्याच्या कडेला लागून असलेल्या चौकोनांतल्या रोपांना मावा लागत नाही. कारण खरं आहे: फुलांवर परागासाठी आणि मधासाठी ढालकिडे आणि फुलमाश्या येतात. ढालकिडे मावा खातात, आणि फुलमाश्यांच्या अळ्याही मावाच खातात. झेंडूची मुळं जमिनीतल्या सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींना, आवर घालतात ही त्याची जास्त प्रसिद्ध गोष्ट, पण सूत्रकृमी खेळात आणू नका, एक कीड पुरे. मधल्या चौकोनातला झेंडू चार रोपं राखतो, कोपऱ्यातला दोनच. आणि नवातला एक चौकोन कायमचा अडवून बसतो. ठेवू की काढू, यावर मी मोठ्यांनाही मिनिटभर विचार करताना पाहिलं आहे.

एवढे नियम पुरेत. तुमच्या डोक्यात आता खत, गांडुळं, काकडीचा वेल, चोर पक्षी, सगळं येत असेल. थांबा. दहा डाव होऊ द्या.

बनवण्याबद्दल. चकती ४ सेंटिमीटरची करा आणि वाफ्यावर चौकोनांच्या मध्ये पूर्ण १ सेंटिमीटर जागा सोडा. ४ सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण साधारण ५.७ सेंटिमीटर असतो, म्हणजे फिरवताना तिचे कोपरे प्रत्येक बाजूला जवळजवळ ८ मिलिमीटर बाहेर येतात. माझ्या पहिल्या नमुन्यात चकत्या चिकटून होत्या. एका आजींच्या बोटाने एक चकती फिरायची आणि तीन हलायच्या, मग कुठली किती वळली होती याची शोधाशोध. दोष त्यांच्या बोटांचा नव्हता, माझ्या मापाचा होता. पुठ्ठा निदान २ मिलिमीटर जाड घ्या, पातळ चकती टेबलावरून नखाने उचलता येत नाही.

चकत्यांवर शब्द लिहू नका, चित्रंच काढा, म्हणजे धाकटीला वाचून दाखवावं लागणार नाही. आणि नुसत्या रंगावर विसंबू नका. बागेच्या खेळात ही चूक फार होते, कारण टोमॅटो लाल आणि पानं हिरवी हे आपल्याला आपोआप सुचतं. काही माणसांना, त्यातही पुरुषांमध्ये जास्त, लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. टोमॅटो गोल, घेवडा लांब, मुळा टोकदार, झेंडू पाकळ्यांचा, असे आकारच वेगळे ठेवा. कमी उजेडात आजींनाही बरं पडेल. खऱ्या बिया सोंगट्या म्हणून वापरायची कल्पना सगळ्यांना सुचते, तेवढी मात्र टाळा. त्या घरंगळतात, आणि लहान मुलं त्या नाकात घालतात.

पहिले काही डाव चित्रंसुद्धा काढू नका. पेन्सिलीने ‘मु’, ‘घे’, ‘टो’, ‘झें’ लिहिलेल्या चकत्या चालतील, तेवढ्यापुरतं धाकटीला बाजूला बसून सांगा. चित्र सुंदर झालं की नियम बदलायला हात धजत नाही. खेळताना तुम्ही स्वतः खेळू नका, बाजूला बसून बघा, चाराऐवजी तीनच वाफे मांडा. कुणी चुकलं तर लगेच सांगू नका. तिघांपैकी दोघं एकच चूक करत असतील तर तो नियमच वाकडा आहे. तोंडापेक्षा हातांकडे लक्ष द्या: पाळी नसताना हात चकत्यांशी खेळायला लागले की तिथे खेळ रेंगाळतोय. पाणी घालणं सगळ्यांनी एकदमच करायला हरकत नाही, फक्त रोप घेणं पाळीने. अशाने बारा फेऱ्या अर्ध्या-पाऊण तासात होतात. त्याहून जास्त वेळ लागला तर दहा फेऱ्या ठेवा.

वयाच्या अंतराबद्दल एक शब्द. धाकटीला मुद्दाम जिंकवू नका, मुलांना ते कळतं आणि फार लागतं. त्यापेक्षा उघडपणे सूट द्या: ती तीनऐवजी चार रोपांनी सुरुवात करेल, हे सगळ्यांसमोर ठरवा. ती दोनदा जिंकली की सूट काढायची का, हे तिलाच विचारा. आणि फासा आजींच्या हातात द्या. दर फेरीला आकाशाकडे बघून पाऊस येणार की नाही हे सांगणारं माणूस बागेत लागतंच, आणि त्या अंदाज बांधायला लागल्या की मुलं फाशापेक्षा त्यांच्याकडे जास्त बघतील.

राहिला तुमचा ६० घरांचा पट. तो टाकू नका. या खेळात चांगला माळी साधारण ३० ते ४५ गुणांपर्यंत पोचतो, आणि सगळं जुळून आलं तरी ६० च्या फार पुढे कुणी जात नाही. म्हणजे तीच पायवाट गुण मोजायला घ्या: एक गुण, एक घर, आणि कुणी फाटकाबाहेर गेलंच तर पुन्हा पहिल्या घरापासून मोजा. सोंगट्या त्याच, फाटकही तेच. फक्त आता सोंगटी पुढे सरकेल ती वाफ्यातून काहीतरी निघाल्यावर, आणि मागे कधीच येणार नाही. ‘कीड लागली’चे पत्ते मुलांकडूनच काढून घ्या आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर चकत्यांची पहिली चित्रं काढायला सांगा.